गुरुवारची सोबत

गाठ सापडली ती कॉलरच्या बटणामुळे. आमची सूनबाई बस डेपोत ड्यूट्या लावते. कोणत्या ड्रायव्हरने कोणती गाडी न्यायची, कोणत्या कंडक्टरला कधी सुट्टी, हे सगळं तिच्या तक्त्यावर ठरतं. एका सकाळी गणवेशाचं वरचं बटण लागेना, तेव्हा आरशासमोरून ती म्हणाली, "आई, पोट वाढणार हे ठाऊक होतं. मानही वाढते का हो?"

मी म्हटलं, "दिवस गेले की बाई सगळीकडूनच भरते."

माझं उत्तर अगदी ठाम होतं. माझी चुकीची उत्तरं ठामच असतात.

मानेतल्या गाठीचा तुकडा तपासायला गेला आणि आठवड्याने मोठ्या दवाखान्यात बोलावणं आलं. सूनबाईबरोबर मी आणि माझा मुलगा गेलो. खोलीत रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरीणबाई होत्या आणि त्यांच्या शेजारी बाळंतपणाचे डॉक्टर. दोन मोठे डॉक्टर एकाच खोलीत, तेही आमची वाट बघत!

आजाराचं नाव लिम्फोमा. म्हणजे मानेत, काखेत ज्या ग्रंथी असतात त्यांचा कर्करोग. एक गाठ मानेत होती आणि तिची थोरली बहीण छातीत, श्वासनळीला खेटून.

"मग बाळाचं?" मुलाने विचारलं.

"बाळ राहील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पहिल्या तीन महिन्यांत आम्ही ही औषधं देत नाही. आता साडेचार महिने झालेत, आता देता येतात. धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही. वजन थोडं कमी भरेल, थोडं लवकर येईल. पण थांबण्यातला धोका फार मोठा आहे, आणि तो आधी हिला आहे. येत्या गुरुवारी सकाळी आठला पहिलं औषध. मग दर पंधरा दिवसांनी, पुन्हा गुरुवारीच."

निघताना नर्सने सूनबाईच्या हातात एक कार्ड दिलं. त्यावर एकच ओळ ठळक होती. सोबत एक मोठं माणूस हवं. नर्सने तोंडी खुलासा केला, "जागं, बोलतं आणि दिवसभर बसणारं. आमच्याकडे दहा खुर्च्यांना दोघी नर्स. चक्कर आली, उलटी झाली, सुईच्या जागी आग झाली, तर घंटा दाबायला कोणी लागतं. सोबत नसेल तर आम्ही औषध तयारच करत नाही."

"त्याची काळजी नको," मी म्हटलं. "आमचं घर माणसांनी भरलेलं आहे."

हेही उत्तर ठाम होतं.

घरी आल्यावर सगळे थोडा वेळ रडलो. रडणं रास्तच होतं. पुढे जे झालं ते समजायला आमच्या घराण्याची एक रीत सांगायला हवी. संकट आलं की आमच्याकडे कोणी हातपाय हलवत नाही. कोणीतरी काहीतरी सोडतं. ह्यांच्या वडिलांना एकदा ताप आला तेव्हा माझ्या सासूबाईंनी मीठ सोडलं. ताप तिसऱ्या दिवशी उतरला, मीठ सोळा वर्षं सुटलेलंच राहिलं. सासूबाईंच्या त्या अळणी भक्तीचं कौतुक ऐकत माझा सगळा संसार झाला. सासऱ्यांना औषध कोणी आणून दिलं, ते मात्र आज कोणालाही आठवत नाही.

सुरुवात वन्संनी केली. वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. त्यांचे यजमान गेल्यापासून त्या आमच्याकडेच मागच्या खोलीत असतात. डोळे पुसून त्या म्हणाल्या, "वहिनी, पोरीचं सगळं सुखरूप होईपर्यंत मी सूर्य मावळायच्या आत घराचा उंबरठा ओलांडणार नाही."

एरवी तरी तुम्ही दिवसा कुठे जाता, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं.

वन्संनी उंबरठा धरला म्हटल्यावर हे मागे कसे राहतील? हे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी मौन धरलं. मला वाटलं, चला, घर जरा शांत होईल. कसलं काय! बोलायचे त्याच्या तिप्पट लिहायला लागले. 'चहा गार आहे' हे तोंडी एका श्वासात संपायचं, ते आता तारीख, वेळ आणि कारणांसह कागदावर येऊ लागलं, आणि आपण ते वाचेपर्यंत हे समोर उभे राहून बोटाने ओळ दाखवायचे.

मुलगा लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. त्याने ठरवलं की यंत्रावर चालणाऱ्या कशातही पाय ठेवायचा नाही. बारा-बारा मजले चढून तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि जिन्याने उतरायचा. त्याच्या साहेबांनी शेवटी विचारलं, "अरे, दुरुस्त झाली की नाही हे तू आत बसल्याशिवाय मला कसं कळणार?" हा म्हणाला, "विश्वास ठेवा." लिफ्टच्या बाबतीत लोक असा विश्वास ठेवत नाहीत.

विहीणबाई, म्हणजे सूनबाईच्या आई, दोन गल्ल्या पलीकडे राहतात. त्यांचं चपलांचं दुकान आहे. त्यांनी पायातलं सोडलं. दिवसभर अनवाणी उभ्या राहून त्या लोकांना चपला विकायच्या. एका गिऱ्हाइकाने म्हणे विचारलं, "बाई, इतक्या ढिगात तुमच्या मापाची एक नाही?"

आता माझंही सांगते, नाहीतर दुसऱ्यांची उणी काढून मी निराळी राहिले असं व्हायचं. मी रोजच्या नेमाची बाई. एकतीस वर्षांत माझा सकाळचा पाठ चुकलेला नाही. बाळंतपणात नाही, घर बदललं त्या दिवशी नाही. सूनबाईसाठी मी त्यात भर घातली. दर गुरुवारी उजाडताच बसायचं, सगळा ग्रंथ एका बैठकीत वाचायचा, दुपारपर्यंत आसन सोडायचं नाही आणि मधे कोणाशी अक्षर बोलायचं नाही. औषधाचा वार गुरुवार आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही. उलट म्हणूनच मी गुरुवार निवडला. तिकडे तिला औषध चढतंय, इकडे माझा पाठ चाललाय, असा दुहेरी बंदोबस्त!

सूनबाईने काही सोडलं नव्हतं. ती पोटातल्यासाठी दोन घास जास्त खायची, डेपोत जायची, येताना वन्संची औषधं आणायची कारण वन्सं बाहेर जात नव्हत्या, ह्यांच्या चिठ्ठ्या आल्यागेल्याला वाचून दाखवायची आणि नवऱ्याच्या तळपायांना मलम लावायची. घरात आजारी कोण आहे हे परक्या माणसाला ओळखू आलं नसतं.

पहिला गुरुवार उजाडला. मुलगा पहाटेच चालत निघाला, कारण दवाखाना चौदा किलोमीटरवर. विहीणबाई सूनबाईला घेऊन टॅक्सीने गेल्या. त्यांच्या नेमात टॅक्सी बसत होती. वन्संनी उंबरठ्याच्या आतून हात हलवला. ह्यांनी तिच्या हातात दोन पानी शुभेच्छा ठेवल्या. मी आसनावर बसले होते. बोलायचं नव्हतं, म्हणून नुसती मान हलवली आणि पान उलटलं.

दुपारी पाठ संपतो तोच सूनबाई दारात. चेहरा उतरलेला, हातात तेच कार्ड.

वन्संनी आतूनच विचारलं, "झालं का गं? फार दुखलं का?"

"नाही झालं, आत्याबाई."

"म्हणजे?"

"सोबत कोणी नव्हतं."

मग वन्सं दुखावल्या आवाजात म्हणाल्या, "असं कसं म्हणतेस? आम्ही सगळे सकाळपासून तुझ्याच तर सोबत होतो!"

झालं होतं असं की विहीणबाईंना पहारेकऱ्याने दारातच अडवलं. सुयांचा वॉर्ड आहे, अनवाणी माणूस आत सोडत नाही. त्याने बिचाऱ्याने स्वतःच्या रबरी चपला काढून पुढे केल्या. विहीणबाई म्हणाल्या, "दादा, मी व्रतस्थ आहे." तो म्हणाला, "मी ड्यूटीवर आहे." दोघंही आपापल्या शब्दाला जागले. सूनबाई एकटी आत गेली, खुर्चीत बसली, पावणेनऊपर्यंत नर्सने वाट पाहिली आणि खुर्ची पुढच्या माणसाला दिली. दहाच्या सुमारास माझा मुलगा पोचला. दोन्ही टाचा फुटून रक्त येत होतं. नर्सने त्याला बाकावर बसवून पाय धुतले, पट्ट्या बांधल्या आणि धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. त्या दिवशी आमच्या घरातल्या एका माणसावर उपचार झाले, ते हे असे.

पुढची खुर्ची पुढच्या गुरुवारी. डॉक्टरीणबाईंनी कार्डावर तारीख लिहिताना सांगितलं होतं, "हा आठवडा मी नाइलाजाने देतेय. छातीतली गाठ श्वासनळीवर रेलतेय. आता मात्र चुकवू नका."

घरात सगळ्यांना फार वाईट वाटलं. इतकं की वन्संनी दूधही सोडलं.

शनिवारी दुपारी मी तिच्या खोलीत वाळलेले कपडे ठेवायला गेले. तीन उशा पाठीशी लावून ती बसल्या बसल्या डोळे मिटून होती.

"आडवी हो की गं जरा."

"आडवं झालं की खोकला येतो, आई. गळ्यावर कोणीतरी पाय ठेवल्यासारखं होतं."

"कधीपासून?"

"बुधवारपासून."

म्हणजे पाठाच्या आदल्या दिवसापासून. मी त्या गुरुवारी तिला मान हलवून निरोप दिला तेव्हा तिच्या गळ्यावर तो पाय होता, आणि मी पान उलटलं होतं. मी कपडे कपाटात ठेवायच्या ऐवजी पुन्हा उचलून बाहेर घेऊन आले. काय करतेय ते मला कळत नव्हतं.

त्या संध्याकाळी सूनबाईने सगळ्यांना जेवणाच्या टेबलाशी बोलावलं. विहीणबाईंनाही निरोप गेला. तिने डेपोतला असतो तसा तक्ता आखून आणला होता.

"एक विचारते," ती म्हणाली. श्वास पुरवून पुरवून बोलत होती. "तुम्ही सगळ्यांनी हे नेम कोणासाठी धरलेत?"

"हे काय विचारणं झालं?" वन्सं म्हणाल्या. "तुझ्यासाठी."

"मग ह्या ड्यूट्या माझ्या झाल्या. त्या लावणार मी."

"ड्यूट्या?"

"आत्याबाई, डेपोत कोणाला ड्यूटी टाकून घरी जाता येत नाही. पण अदलाबदल करून मिळते. अर्ज करायचा, ड्यूटी लावणाऱ्याने सही करायची, झालं. मी कोणालाच रजा देत नाहीये. नेम कोणी सोडायचा नाही. फक्त बदलून घ्यायचा."

वन्संनी पदर सावरला. धर्माचा मुद्दा निघाला की त्या पदर सावरतात. "संकल्प देवाशी केलेला असतो, बाई. देवाशी का अदलाबदल होते?"

"तुम्ही सगळ्यांनी मिळून त्याला माझ्याबद्दल इतक्यांदा सांगितलंय की तो मला आता चांगला ओळखत असेल. माझ्या सहीला तो नाही म्हणायचा नाही."

ह्यांनी घाईने कागद ओढला आणि लिहायला लागले, 'मुद्दा क्रमांक एक.'

"बाबा, बोला," सूनबाई म्हणाली.

ह्यांनी पेन खाली ठेवलं. घसा खाकरला. आठ दिवसांनी पहिला शब्द यायचा होता, सगळे कान टवकारून बसले.

"मुद्दा बरोबर आहे," हे म्हणाले.

"एवढ्यासाठी मोडलंस?" वन्सं कडाडल्या.

"मोडलं नाही, ताई. बदलून घेतलं."

मग तक्ता वाचला गेला. मुलाने गाडीत बसायचं, ती चालवायची आणि 'बरं वाटतंय का' हे दिवसातून दोनदाच विचारायचं. तो म्हणाला, "दोनदा म्हणजे फारच कमी होतं गं." ती म्हणाली, "व्रत कडक असतं." विहीणबाईंनी चपला घालायच्या. ह्यांनी दवाखान्याचे सगळे फोन करायचे, कागद सांभाळायचे आणि समाचाराला येणाऱ्यांना दारातूनच वाटेला लावायचं. ह्यांचा चेहरा फुलला. असं काम शाळेतून निघाल्यापासून मिळालं नव्हतं.

"आत्याबाई, तुम्ही सकाळी आठ ते संध्याकाळी चार कोणालाही सल्ला द्यायचा नाही."

वन्सं पांढऱ्या पडल्या. "अगं, त्यापेक्षा अन्न सोडते."

"अन्न नको. सल्ला."

"आणि आई," ती माझ्याकडे वळली, "गुरुवारी खुर्चीशेजारी तुम्ही."

मी हो म्हटलं. पण बुधवारचा अख्खा दिवस ग्रंथाभोवती घुटमळण्यात गेला. आधी मनाशी म्हटलं, पहाटे थोडा लवकर उठून निम्मा वाचून घेऊ. मग म्हटलं, पिशवीत घालून नेऊ, तिला झोप लागली की वाचू. तक्त्यात तर स्पष्ट होतं, डोळे सुईवर. मला कसली भीती वाटत होती ते खरं सांगते. पाठ झाला नाही आणि काही विपरीत घडलं तर? ही एक. दुसरी तिच्याहून मोठी होती. पाठ झाला नाही आणि सगळं नीट पार पडलं तर? मग एकतीस वर्षं मी तिथे बसून काय करत होते?

ग्रंथ घरीच ठेवला. देवाला म्हटलं, आज तुझ्याकडे येणं होणार नाही, दवाखान्यात आहे. त्याने काही हरकत घेतली नाही. तो माझ्या कोणत्याच गोष्टीला हरकत घेत नाही, हेच तर इतकी वर्षं मला पसंती वाटत आलं होतं.

पावणेआठला पहारेकऱ्याने आधी माझ्या पायांकडे पाहिलं आणि मग दार उघडलं.

आधी बाळाचे ठोके ऐकले. मग सुई. मग उलट्यांवरचं औषध. मग नर्सने लाल औषधाची जाड पिचकारी आणली आणि खुर्चीशेजारी बसून हाताने, अगदी सावकाश, ते तिच्या शिरेत सोडू लागली. लाल रंग नळीतून सूनबाईच्या हाताकडे सरकताना मी बघत होते. तिनेही एकदा बघितलं आणि मग पलीकडे तोंड फिरवलं. ओठ पांढरे झाले होते.

"आई, काहीतरी बोला."

मी हळू आवाजात एका सत्पुरुषाची कथा सुरू केली. त्यांना नदीने वाट दिली तिथवर पोचले असेन.

"हे नको, आई. देवाचं घरी खूप झालं. माणसांचं बोला."

माणसांचं? मी रोज उठताना तीन गोष्टी मनाशी म्हणते. खोटं बोलणार नाही, अन्नाला नावं ठेवणार नाही आणि कोणाच्या पाठीमागे त्याच्याबद्दल बोलणार नाही. ह्या तिसरीमुळे माणसांबद्दल बोलायला माझ्याकडे काही उरलंच नव्हतं. म्हणजे साठा भरपूर होता, एकतीस वर्षांचा; पण तो सगळा कुलपात. सूनबाईने माझा हात धरला. तिची बोटं थंडगार होती.

"वन्संनी," मी म्हटलं, "एकदा वर्षभर नवऱ्याशी न भांडण्याचा नेम धरला होता."

तिने तोंड माझ्याकडे वळवलं.

"एक शब्द उलट बोलल्या नाहीत. लोक पाया पडायचे. पण रोज जे भांडण व्हायचं होतं, ते त्या कॅलेंडरच्या चौकोनात बारीक अक्षरात लिहून ठेवायच्या. वर्ष संपलं. पुढच्या वर्षी एक जानेवारीला सकाळी कॅलेंडर घेऊन नवऱ्यासमोर बसल्या आणि पहिल्या चौकोनापासून सुरू केलं. एप्रिलपर्यंत पोचल्या तेव्हा ते गरीब गृहस्थ हात जोडून म्हणाले, मेपासून पुढचं सगळं मला मान्य आहे, फक्त वाचू नकोस."

सूनबाई हसली. आधी नाकातून, मग खांदे हलवून.

"अहो काकू!" नर्स ओरडली. "सुई हलेल! हळू बोला ना."

"मी हळूच बोलतेय."

"तुम्ही हळू बोलताय, त्या जोरात हसतायत."

शेजारच्या खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ नळी लावून पडले होते. ते म्हणाले, "बाई, माझ्यासाठी जरा मोठ्यानेच बोला. ते मेपासून काय मान्य केलं ते मला नीट कळलं नाही."

मग मी थांबले नाही. वन्सं झाल्या, ह्यांचे मामा झाले, ज्यांनी लोभ सोडल्याचं जाहीर केल्यावर त्यांच्याकडे लोक उसनं मागायला आले आणि त्यांनी रागही सोडलेला नसल्याचं दिसून आलं. विहीणबाईंचंही निघालं असतं, पण तिची आई म्हणून ते मी गाळलं; तर तीच म्हणाली, "आईचं पण सांगा, मला अर्धं माहितीय." प्रकाश लागू नये म्हणून काळ्या पिशवीत झाकलेलं शेवटचं औषध संपलं तोवर तीन वाजले होते. मधे दोनदा तिला उलटी झाली, मी भांडं धरलं, घंटा दाबली, तोंड पुसलं, आणि ती म्हणाली, "हं, मग मामी काय म्हणाल्या?"

शेवटी पुन्हा बाळाचे ठोके. नर्सने पोटावर यंत्र फिरवलं आणि वॉर्डात टपटप टपटप घुमायला लागलं. तिने घड्याळ पाहिलं. "एकशे शेहेचाळीस. उत्तम चाललंय." शेजारच्या गृहस्थांनी एका हाताने मांडीवर टाळी वाजवली, दुसऱ्याला सुई होती.

चारला पाच कमी असताना आम्ही घरी पोचलो. वन्सं दारात ओठ आवळून, घड्याळाकडे डोळे लावून उभ्या. सूनबाई पलंगावर टेकते न टेकते तोच चारचा ठोका पडला. "पाय वर घे! खिडकी लाव! दूध अजिबात नको! आणि हिचे केस कोणी मोकळे सोडले?" एका दमात आठ तासांचं सगळं बाहेर आलं. तरी सांगते, आठ तास त्या बाईने कडकडीत पाळलं होतं. मला तिच्याबद्दल एवढा आदर तिच्या उंबरठ्यापायीही वाटला नव्हता.

चौथ्या औषधापर्यंत सूनबाईचे केस गेले आणि खोकला गेला. आडवी होऊन झोपायला लागली. आणि आमच्या घरात खुर्चीवरून भांडणं सुरू झाली. विहीणबाई म्हणायच्या, पोर माझी आहे. हे म्हणायचे, कागद माझ्याकडे आहेत. वन्संनी तर सल्ला न देण्याच्या बळावर थेट खुर्चीचा हक्कच सांगितला. सूनबाई तक्ता काढायची आणि ज्याने सर्वांत कमी त्रास दिला त्याचं नाव लिहायची. आमच्याकडे चढाओढीशिवाय भक्ती होत नाही. निदान आता ती दवाखान्याच्या दिशेने तरी होत होती.

आठ औषधं झाली. मग रक्त सावरावं म्हणून डॉक्टरांनी थांबवलं आणि साधारण महिन्याने बाळ आलं. मुलगी. वजन थोडं कमी, आवाज अजिबात कमी नाही. आणि जावळ केवढं! आईच्या डोक्यावर औषधाला केस नाही आणि लेकीचे केस कानांवर आलेले. आईने कौतुकाने हात फिरवला आणि म्हणाली, "माझे हिने ठेवून घेतलेले दिसतायत."

पुढची चार औषधं अजून बाकी होती, म्हणून बाळाला अंगावरचं दूध नव्हतं, बाटली होती. ह्यात एक गोष्ट आपोआप झाली. बाळाला पाजायला आता आईच लागत नव्हती. बाटली कोणालाही धरता येते. विहीणबाई दुकान बंद करून येऊन बसल्या. वन्संनी पाळण्याशेजारी खाट ओढली. हे बाळाच्या जागण्याझोपण्याची नोंद ठेवू लागले. मुलाने तर कामावरून महिन्याची रजा घेतली. येणारे जाणारे म्हणायचे, "झालं बाई एकदाचं! सुटलात सगळे." आणि घरातले सगळे मान डोलवायचे. सूनबाई कोपऱ्यात डोक्याला रुमाल बांधून बसलेली असायची. तिच्या छातीतली गाठ पुष्कळ आटली होती. गेली नव्हती.

नवव्या औषधाच्या आदल्या दिवशी तिने तक्ता टेबलावर ठेवला. खुर्चीपुढची जागा कोरी होती.

"उद्याचं कोण?" तिने विचारलं.

"उद्या?" विहीणबाई म्हणाल्या, "उद्या बाळाला अंघोळ कोण घालणार गं?"

"मी तर हलूच शकत नाही," वन्सं म्हणाल्या. "माझ्याशिवाय ती डोळा मिटत नाही."

मुलगा म्हणाला, "मी सोडतो तुला दवाखान्यात, लगेच परत येतो. हिच्या दुधाची वेळ होते ना." हे नोंदवहीत मान घालून होते. कोणी दुष्टपणे बोलत नव्हतं. सगळ्यांच्या चेहऱ्यावर माया ओसंडत होती. ती कुठे वाहतेय तेवढं पाहायला कोणाला सवड नव्हती. मला मग इतक्या महिन्यांचं एकदम कळलं. उंबरठा, अनवाणी पाय, मौन, माझा पाठ, सगळं आम्ही म्हणायला तिच्यासाठी धरलं होतं. पण तिच्यापलीकडे बघत धरलं होतं.

सूनबाईने पेन उचललं आणि नुसतं धरून बसली.

मी तिच्या हातातून ते घेतलं आणि कोऱ्या जागेत लिहिलं, आई. आणि खाली उरलेल्या तिन्ही गुरुवारांपुढेही तेच लिहून टाकलं.

"चार-चार वेळा लागोपाठ?" ती म्हणाली. "डेपोत असं चालत नाही."

"सही कर."

तिने केली.

सकाळी आम्ही निघालो तेव्हा निरोप द्यायला दाराशी कोणी आलं नाही. बाळ नुकतंच जागं झालं होतं आणि आतून एकाच वेळी तिघांचे बोबडे बोल ऐकू येत होते. मुलाने गाडी सुरू केली. मी पिशवीत भांडं, रुमाल आणि पाण्याची बाटली आहे ना ते पाहिलं. सूनबाई माझ्याशेजारी मागच्या सीटवर बसली, रुमाल नीट केला आणि खिडकीतून घराकडे एकदा पाहून घेतलं.

"बरं झालं कोणी आलं नाही ते," ती म्हणाली. "आज ह्या सगळ्यांचंच बोलायचंय."